फुगोबाची सातशे पावलं

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार. वाकून केला असता, पण सध्या माझा उजवा पाय दोन उशांवर ठेवलेला आहे आणि डॉक्टरांनी हालचाल करायला मनाई केली आहे. तेव्हा मान जेवढी खाली जाते तेवढंच गोड मानून घे. (पायाचं काय झालं ते पुढे येईल. घाबरण्यासारखं काही नाही. हसण्यासारखं आहे असं तुझ्या भावजयीचं मत आहे, पण तिची मतं तुला ठाऊकच आहेत.) तुझी तब्येत कशी आहे? निवृत्त झाल्यावर वेळ जातो का, की अजूनही शेजारच्या पोरांना धरून गणितं घालतेस? भावोजींचा गुडघा काय म्हणतो? त्यांना सांग, मागच्या भेटीत त्यांच्या चालण्याला मी जो हसलो होतो, ते हसणं मी मागे घेतलं आहे.

पत्राला विशेष कारण काही नाही. सहज बसलो लिहायला. माझ्याबद्दल तुझ्या कानावर काही आलं असेल तर ते खरं नाही, आणि आलं नसेल तर बरंच झालं. एवढंच सांगतो, की मी कुणावरही जळत नाही. पन्नाशी उलटलेल्या, सव्वीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसानं सहा महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेल्या एका बाईवर जळावं, याला काही अर्थ आहे का? तूच सांग. (सांगू नकोस. तुझं उत्तर मला माहीत आहे.)

आमच्याकडे अकरावीच्या दोन तुकड्या, अ आणि ब. आजवर दोन्हींचं गणित माझ्याकडे होतं आणि सगळं सुरळीत चाललं होतं. पण शाळेत एक जुना नियम आहे, की शिक्षकाचं मूल त्याच्या स्वतःच्या वर्गात बसवायचं नाही. हा नियम मी स्वतःच एका सभेत तावातावानं मांडला होता, तेव्हा एका सहकाऱ्याच्या मुलाला पैकीच्या पैकी मार्क पडत होते. यंदा तुझी भाची अकरावीत आली. मुख्याध्यापिकाबाईंनी तो नियम कपाटातून काढला, धूळ झटकली, आणि अ तुकडीसाठी नव्या बाई आणल्या. म्हणजे धोंडाही माझा आणि पायही माझाच. लेक गेली अ मध्ये, मी राहिलो ब मध्ये, आणि दोन्ही वर्गांची मागची दारं व्हरांड्यात एकमेकांसमोर उघडतात.

पाच महिने मी सहन केलं. त्रिकोणमिती झाली, वर्तुळ झालं. समोरून अधूनमधून हसण्याचा आवाज येई, मी दार लोटून घेई. पण मग दोन्ही वर्गांत एकाच आठवड्यात सदिश सुरू झाले, आणि तिथून माझं जगणं मुश्कील झालं. मी सदिश कसे शिकवतो ते तुला माहीत आहे. आधी व्याख्या सांगायची : ज्या राशीला परिमाण आणि दिशा दोन्ही असतात तिला सदिश राशी म्हणतात. ती दोनदा लिहून घ्यायची. मग फळ्यावर एक बाण. बाणाची लांबी म्हणजे परिमाण, टोक जिकडे तिकडे दिशा. मग नुसतं परिमाण असणाऱ्या, म्हणजे अदिश राशींची यादी : वस्तुमान, तापमान, वेळ. माझा वर्ग इतका शांत असतो की पंख्याचा आवाज ऐकू येतो. सव्वीस वर्षं मी त्या शांततेला एकाग्रता समजत होतो. पहिल्याच दिवशी समोरून अकरा वेळा हशा आला. (मोजले म्हणून काय झालं? मी गणिताचा माणूस आहे, मोजणारच.) अकराव्या वेळी माझ्या चाळीसच्या चाळीस पोरांच्या माना दाराकडे वळल्या. फळ्यावर मी समान सदिश काढत होतो, म्हणजे लांबी तीच आणि दिशाही तीच असलेले बाण, आणि माझ्यासमोर चाळीस समान सदिश बसलेले होते. त्यातला एकही माझ्याकडे नव्हता.

संध्याकाळी जेवताना मी तुझ्या भाचीला सहज विचारलं, आज काय शिकवलं? ताई, त्या पोरीच्या तोंडावर जे तेज आलं ते मी कधी पाहिलं नव्हतं. म्हणाली, फुगोबा. मी म्हटलं, कोण फुगोबा? तर म्हणे बाईंच्या गोष्टीतला एक मुलगा आहे. सात वर्षांचा. मोठ्या बहिणीवर रुसून तो घर सोडून निघाला. रस्त्यानं उजवीकडे तीनशे पावलं चालला, लाँड्रीच्या कोपऱ्यावर काटकोनात वळला आणि चारशे पावलांवरच्या पाण्याच्या टाकीखाली गाल फुगवून बसला. बहीण त्याला शोधायला निघाली ती मधल्या मोकळ्या मैदानातून थेट तिरकी गेली आणि पाचशे पावलांत पोचली. फुगोबा चालला सातशे, पण घरापासून होता पाचशेवरच. तीनशे आणि चारशेची बेरीज पाचशे, कारण बेरीज नुसत्या आकड्यांची नाही, दिशांचीही आहे. झाला सदिशांच्या बेरजेचा त्रिकोण नियम! आधी त्या दुसऱ्या दिशेनं चारशे जाऊन मग वळून तीनशे गेला असता तरी तिथेच पोचला असता, म्हणजे बेरजेचा क्रम बदलला तरी चालतो. शेजारच्या गल्लीतून दुसरा एखादा फुगोबा तसाच निघाला असता तर त्याचा बाणही तोच, कारण बाणाला पत्ता नसतो, फक्त लांबी आणि दिशा असते. हे सगळं ती घास हातात धरून सांगत होती आणि तुझी भावजय हसून हसून ऐकत होती.

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, हे गणित आहे की चकाट्या पिटणं? कुठला हा फुगरा, आईबापांनी वळण लावलेलं दिसत नाही. आणि ती बहीण, तिला दुसरे उद्योग नव्हते का? रुसण्याचं कारण तरी काय होतं? तर म्हणे बहिणीला काहीतरी नवीन मिळालं आणि याला जुनं मिळालं, एवढंच बाईंनी सांगितलं. मी म्हटलं, बघा, म्हणजे कार्टं मत्सरी आहे वर. यावर दोघीही माझ्याकडे बघायला लागल्या. का ते मला कळलं नाही. मग मी माझं ठेवणीतलं अस्त्र काढलं. विचारलं, शून्य सदिशाची दिशा कोणती ते सांग पाहू. (यावर भलेभले अडखळतात.) तुझी भाची म्हणाली, फुगोबा घरी परत आला की झाला शून्य सदिश. जाण्याचा बाण आणि येण्याचा बाण उलटे, लांबी सारखी, बेरीज शून्य. एवढा चालला पण घरापासून कुठेच गेला नाही, मग दिशा कुठली विचारता, बाबा?

उत्तर बरोबर होतं, म्हणूनच तळपायाची आग मस्तकात गेली.

आता खरं सांगतो, कारण तुझ्याशी खोटं बोलून कधी पचलेलं नाही. हशाचं मला एवढं वाटलं नाही. दुसरीपासून ही पोर रोज संध्याकाळी वही घेऊन माझ्या टेबलाशी यायची. अडलं की, आणि कित्येकदा न अडताही. मी शाळेतून येऊन चहा घ्यायचो, बॅगेतून खडूचं झाकण काढून टेबलावर ठेवायचो (ते जुनं पत्र्याचं झाकण, ज्यात मी खडू ठेवतो, तू पाहिलं असशील) आणि ती त्यातला एक तुकडा उचलून पाटीवर आकृती काढायची. सदिश सुरू झाल्यापासून ती आलेली नाही. मी दोनदा विचारलं, काही अडलंय का? म्हणाली, नाही बाबा, बाईंनी सांगितलंय. यात तिचा दोष काहीच नाही. पण मला ते लागलं, ताई. चहा थंड होईपर्यंत त्या झाकणातले खडू उंचीनुसार लावत बसायचो.

तुझ्या भावजयीला हे दिसत होतंच. म्हणाली, अहो, तुम्हीही एखादी गोष्ट सांगा की वर्गात. मी म्हटलं, गोष्टी सांगायला मी काय झोपवतोय पोरांना? ती हसू दाबत ताटं उचलायला लागली. मग ठरवलं, गोष्ट नाही, प्रयोग. असा प्रयोग, की अ तुकडीतली पोरं दाराशी गर्दी करतील आणि तुझी भाची त्यात सगळ्यात पुढे असेल.

प्रयोग साधा होता. एका वस्तूला दोन दोऱ्या बांधून दोन दिशांनी ओढलं तर वस्तू यांच्याकडेही जात नाही आणि त्यांच्याकडेही जात नाही, मधल्या तिरक्या रेषेनं जाते. दोन बाजू म्हणजे दोन सदिश, मधला कर्ण म्हणजे त्यांची बेरीज. पुस्तकात यासाठी लाकडी ठोकळा दाखवतात, पण फुगोबापुढे ठोकळ्याचा काय टिकाव लागणार? मुख्याध्यापिकाबाईंना त्याच आठवड्यात चाकांची नवी खुर्ची आली होती, प्लॅस्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. बाई बैठकीला बाहेर गेल्या होत्या. दोरी मी घरून आणली (कपडे वाळत घालायची, ती नाहीशी झाल्याचं घरी कळायचं होतं). आणि खुर्चीवर बसणार होतो मी स्वतः.

तयारीत मी कसूर केली नाही. बाकं भिंतीला लावली. खुर्ची फळ्यापाशी, माझं तोंड पोरांकडे. सहा धट्टीकट्टी पोरं सरळ मागे ओढणार, सहा बाजूला ओढणार, आणि मी तिरका जाऊन खिडकीकडच्या मागच्या कोपऱ्यात पोचणार. तिथे व्यायामशाळेतल्या दोन गाद्या उभ्या केल्या होत्या. रेषा मी आदल्या दिवशी फळ्यापाशी उभं राहून कागदावर काढली आणि सूचना स्वच्छ अक्षरात लिहून पोरांना वाटल्या. गट पहिला : सरळ मागे. गट दुसरा : डावीकडे. ताई, सव्वीस वर्षं मी त्या फळ्यापाशी उभा आहे. तिथून खिडकी डावीकडे आहे. पोरं माझ्यासमोर बसतात हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्यांची डावी बाजू ही माझी उजवी हे त्या क्षणी ध्यानात आलं नाही. आणि उजवीकडे आहे ते मागचं दार.

माझी पोरं आज्ञाधारक आहेत, हीच त्यांची खोड. मी मांडीवर खडूचं झाकण घेऊन बसलो, बाणाच्या टोकाशी जे काय होईल ते लगेच जमिनीवर खुणेनं दाखवावं म्हणून. एक, दोन, तीन म्हटलं. खुर्ची अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे, दोन्ही बलांच्या मधून, सुरेख तिरक्या रेषेत निघाली, फक्त खिडकीकडे नाही. मी उजवीकडे, उजवीकडे असं ओरडलो. त्यावर पोरांनी आज्ञेप्रमाणे स्वतःच्या उजवीकडे वळायला दोऱ्या सोडल्या. आमच्या दारांना उंबरठे नाहीत, याचं मला इतकी वर्षं कौतुक होतं. व्हरांडा नुकताच पुसलेला होता. समोरचं दार वाऱ्यासाठी उघडं होतं. मी मागच्या दारानं अ तुकडीत शिरलो आणि दोन बाकांच्या मधून थेट नव्या बाईंच्या टेबलावर जाऊन आदळलो. झाकण उडालं, खडू चौफेर पसरले, मुख्याध्यापिकाबाईंच्या खुर्चीचं एक चाक निघून फळ्याखाली जाऊन फिरत राहिलं, आणि माझा घोटा मुरगळला.

बाई एक पाऊलही मागे सरकल्या नाहीत. माझ्याकडे पाहिलं, दारात उभ्या असलेल्या माझ्या बारा पोरांकडे पाहिलं, आणि वर्गाला म्हणाल्या, बघा मुलांनो, दोन बलं आणि त्यांचा परिणाम. आपल्यासाठी सरांनी स्वतः करून दाखवलं. सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. सव्वीस वर्षांत मला मिळालेल्या या पहिल्या टाळ्या, आणि त्याही त्यांच्या वर्गात. दुसऱ्या बाकावर तुझी भाची पुस्तकाआड तोंड लपवून बसली होती. फक्त तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

तर असा सगळा प्रकार आहे. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आठ दिवस रजा आहे. दोरीचं घरी कळलं. बाकी इकडे सगळं ठीक. तुमच्या दोघांचा लोभ आहेच, तो जरा माझ्याकडे झुकता असू दे, हल्ली माझ्या वाटणीला कमी येतो.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : एक बारीकसं काम होतं, विसरणारच होतो. भावोजींचे एक वर्गमित्र शिक्षण खात्यात वरच्या जागेवर आहेत ना? त्यांच्या कानावर एवढंच घालायचं, की आमच्याकडे एक अत्यंत गुणी शिक्षिका आहेत आणि त्यांचं इथे नुकसान होतंय. बढती देऊन त्यांना दुसऱ्या शाळेत पाठवावं. दिशा कुठलीही चालेल, परिमाण मात्र भरपूर असावं. माझं नाव कुठेही नको. एका सहकाऱ्याचं भलं व्हावं, यापलीकडे माझा काही हेतू नाही.

ता. क. दुसरा : वरचा ता. क. वाचू नकोस. वाचला असशील तर विसर. भावोजींना दाखवला असशील तर त्यांनाही विसरायला लाव. पाकीट चिकटवून झालं होतं, ते वाफेवर उघडून हे लिहितो आहे. वरचं फाडून टाकलं असतं, पण कागदाच्या मागच्या बाजूला भावोजींच्या गुडघ्याची चौकशी आहे.

आज संध्याकाळी नव्या बाई घरी आल्या. मी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं, पण तुझ्या भावजयीनं दिवा लावून खुर्ची पुढे केली. बाईंनी पायाची विचारपूस केली आणि पिशवीतून माझं झाकण काढलं. पसरलेले खडूही वेचून आणले होते, तुकडान् तुकडा. झाकण मात्र हातातून सोडेनात. आतली बाजू वर करून म्हणाल्या, सर, एक विचारू? हे तुमच्याकडे कसं? मी ताठ्यानं म्हटलं, लहानपणापासून आहे, का? तर त्यांनी आत खिळ्यानं कोरलेली अक्षरं वाचून दाखवली. हात लावू नये.

मग त्या जे हसायला लागल्या! म्हणाल्या, आम्हाला अकरावीला गणिताच्या ज्या बाई होत्या त्यांच्याकडे पत्र्याची एक जुनी कंपासपेटी होती, बिनझाकणाची. पेटीच्या तळाला कोरलेलं होतं, ही पेटी माझी आहे. आम्ही विचारायचो, बाई, झाकण कुठे गेलं? त्या म्हणायच्या, झाकण फुगोबा घेऊन गेला, आणि त्यावर पुढचं वाक्य आहे.

ताई, त्यांना बिचारीला तुझं आडनाव सासरचंच माहीत, आणि मी सहा महिन्यांत त्यांच्याशी 'डस्टर झालं का' याखेरीज एक शब्द बोललो नव्हतो. कळणार कसं? पण त्यांच्या गणिताच्या बाई म्हणजे तू, हे मला तरी कळायला हवं होतं. माझ्या आठवणीत मी त्या दिवशी तुझ्या नव्या कंपासपेटीचं झाकण पळवून मैलच्या मैल चाललो होतो, पार वेशीबाहेर. तू त्याचे सातशे केलेस. तुझी भाची दारातच उभी होती. म्हणाली, म्हणजे फुगोबा म्हणजे बाबा? मत्सरी कार्टं? तुझी भावजय पदर तोंडाला लावून आत गेली ती बराच वेळ बाहेर आलीच नाही.

आता माझा जळफळाट थांबला असेल असं तुला वाटत असेल, तर तू मला ओळखत नाहीस. त्याची फक्त दिशा बदलली, परिमाण तेवढंच आहे. आधी बाईंवर जळत होतो, आता तुझ्यावर. तीस वर्षं तू परक्या पोरींना माझी गोष्ट सांगत होतीस. बाणाला पत्ता नसतो, हे त्यांना शिकवलंस आणि मला शिकवलं नाहीस. (शिकवलं होतंस. ओट्यावर खडूनं बाण काढून. मी कंटाळून उठून गेलो होतो. आठवलं मला, लिहू नकोस.)

बाई गेल्यावर तुझी भाची वही घेऊन टेबलाशी आली. किती दिवसांनी, ते मोजलेलं आहे, पण लिहीत नाही. झाकणातला एक खडू उचलला, पाटीवर तीनशे, चारशे, पाचशेचा त्रिकोण काढला आणि म्हणाली, बाबा, इथपर्यंत बाईंनी सांगितलं. पुढचं त्यांनाही माहीत नाही. तुम्ही परत कसे आलात?

ता. क. तिसरा, आणि खरं काम एवढंच : दोन दिवस येऊन जा. येताना पेटी घेऊन ये. माझी ब तुकडी वाट बघते आहे आणि गोष्ट कशी सांगायची ते मला येत नाही. झाकण परत मिळेल अशी आशा ठेवू नकोस, फक्त लावून बघू.

आणि हेही ऐकून ठेव. परतीचा बाण पाचशेचा, असं तू सगळ्यांना शिकवलंस. मैदानातून सरळ. पण मी हट्ट धरला होता की आलो त्याच रस्त्यानं परत जाणार, आणि तू माझी तुटकी चप्पल हातात घेऊन माझ्याबरोबर टाकीपासून लाँड्रीपर्यंत आणि लाँड्रीपासून घरापर्यंत सगळी सातशे पावलं चाललीस. झाकण माझ्या सदऱ्याखाली होतं आणि त्याचा कोपरा दिसत होता. तू वाटेत एकदाही मागितलं नाहीस. आज मी हे तुझ्या भाचीला सांगितलं. तिनं पाटीवर बेरीज करून पाहिली, ती शून्यच आली. मग ती पाटी तिनं पुसली नाही.

हा भाग बाईंना सांगायचा नाही, असं आमचं दोघांचं ठरलं आहे. तूही कुणाला सांगू नकोस. बाकी सगळा फुगोबा तुमचा, घ्या. एवढ्याला मात्र हात लावू नये.